काळ्या रानात या चुका टाळा

बेळगाव भागात शेतीचे निम्मे सल्ले फसतात ते माती न बघता दिलेले असतात म्हणून. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांत खोल काळी चिकण माती. खानापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरात तांबडी, जांभ्याची. ईशान्येला अथणीकडे पुन्हा काळी, पण तिकडे पाऊस जेमतेम. खानापूरचे पाहुणे सांगतात चुना टाका, अथणीचे सांगतात पाणी द्या, आणि आपण दोन्ही करून बसतो.

काळी माती झाली ती बसाल्टच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन. तिच्यात चिकणकणांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के. हे कण पाणी प्याले की फुगतात, वाळले की आकसतात. सामू (पीएच, म्हणजे माती आंबट की खारट-अल्क याचं माप) बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५, आणि खणत गेलं की चुनखडीचे खडे लागतात. पोटात पाणी धरून ठेवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही, पण पाणी आत घेते ती अगदी सावकाश. मला विचाराल तर काळ्या रानात खतापेक्षा वेळ चुकल्याचं नुकसान मोठं असतं.

वाफसा येण्याआधी औत घालणं

वाफसा म्हणजे माती चिखलही नाही आणि कडकही नाही, अशी मशागतीजोगी ओल. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाऊस उघडतो, दोन दिवस ऊन पडतं, वरची कातडी सुकल्यासारखी दिसते आणि भाड्याचा ट्रॅक्टर आज मोकळा आहे म्हणून रान नांगरलं जातं. खाली माती ओलीच असते. फाळानं कापलेल्या तुकड्यांची बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसली तर ओळखावं की घाई झाली. ते तुकडे वाळले की त्यांची ढेकळं होतात, आणि ती पुढचा मोठा पाऊस येईपर्यंत कुळवाला दाद देत नाहीत.

वाफसा डोळ्यांनी ठरवू नका, हातानं ठरवा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा भुसभुशीत फुटला तर औत घाला. चपटा होऊन पडला तर थांबा. गोळा मुळात होतच नसेल तर वेळ निघून गेली. आता ढेकळं निघणारच. रानाच्या एकाच कोपऱ्यातली माती घेऊन भागत नाही, कारण सखल बाजूचा वाफसा नेहमी मागे असतो. जुनी माणसं बांधावरूनच सांगायची, "रान अजून पायाला चिकटायलंय, आज नांगर घालू नको." काळ्या रानात ही वाफशाची मुदत चार-सहा दिवसांची असते, ऊन-वारा जास्त असेल तर त्याहून कमी. म्हणून बी, खत, माणसं आधी तयार ठेवायची आणि वाफशाची वाट बघायची. आपल्याकडे होतं नेमकं उलट.

रोटाव्हेटरचं वेगळं सांगायला हवं. वरून माती मैद्यासारखी होते, बघायला छान वाटतं. पण दरवर्षी त्याच खोलीवर, त्यातून ओलीत, पाती फिरली की त्याखाली घट्ट थर बसतो. रोप उपटल्यावर मूळ सरळ खाली न जाता आडवं वळलेलं दिसलं तर तो थर तयार झाला आहे असं समजा. उन्हाळ्यात रान पूर्ण कोरडं असताना खोल नांगरट करा. ओलीत केलीत तर जिथून निघालो तिथेच परत.

भेगांना घाबरणं

एप्रिल-मे महिन्यांत रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा रोग नव्हे. वळवाचं पाणी याच भेगांतून खोलवर जातं, आणि ढेकळं तापून, भिजून आपोआप फुटतात. उन्हाळ्यातल्या भेगा बुजवायला पाणी सोडणं म्हणजे पाणी फुकट घालवणं.

उभ्या पिकातल्या भेगा मात्र मुळं तोडतात आणि खालची ओल उडवतात. भातानंतर आपल्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा निघतो तो पाणी न देता, मातीच्या पोटातल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर. तिथे ओल हेच भांडवल. भात कापून रान पंधरा-पंधरा दिवस तसंच पडू दिलं तर मसुरीच्या वाट्याची ओल उन्हात जाते. कापणी, मळणी उरकताच पेरणीची तयारी करा आणि भेगा केसाएवढ्या बारीक असतानाच उथळ कोळपणी करा. वरची दोन बोटं माती मोकळी झाली की खालची ओल टिकते. शाळूलाही हाच नियम.

चर बुजवणं

बेळगावच्या शिवारातून वाहणारा बळ्ळारी नाला तुंबला की रानं पाण्याखाली जातात, हे दर पावसाळ्याचं रडगाणं. नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण बांधालगतचे जुने चर कुणी बुजवले? वावभर जमीन जास्त मिळावी म्हणून आपणच. काळ्या रानात पाणी खाली मुरेल या भरवशावर राहता येत नाही. त्याला बाजूनं वाट लागते. भात एक वेळ तग धरतं, सोयाबीन दोन-तीन दिवसांच्या तुंबलेल्या पाण्यात पिवळं पडतं. भाजीपाला घेणार असाल तर गादीवाफेच करा.

रायबाग, चिकोडी, अथणीकडच्या ऊसवाल्यांची चूक वेगळी. कालव्याचं किंवा नदीचं पाणी आहे म्हणून पाटानं देत राहायचं. निचरा नाही, त्यामुळे खालचं पाणी वर येतं, ऊन ते ओढून घेतं आणि मीठ वर राहतं. रानावर पांढरी खपली दिसली की लोक धावत जिप्सम आणतात. आधी माती तपासा. क्षारता, म्हणजे ईसी, ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त जमीन. तिला मीठ धुऊन काढायला चांगलं पाणी आणि निचरा लागतो, जिप्समचा उपयोग नाही. सामू ८.५ च्या वर आणि सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. तिथे जिप्सम लागतं, पण चर काढल्यावरच. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पुरणं.

पिवळं दिसलं की युरिया

पान पिवळं पडलं की आधी कोणतं पान ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या रानात खोडवा ऊस आणि भुईमूग हमखास असे दिसतात. त्यांना युरिया कितीही द्या, फरक पडत नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. आठवड्याभरानं पुन्हा एकदा. पाणी साचून पिवळं पडलं असेल तर आधी पाणी काढा.

युरिया ओल्या मातीवर नुसता विस्कटू नका, अशा सामूत त्यातलं नत्र हवेत उडतं. स्फुरद (फॉस्फरस) बियाण्याखाली ओळीत पडू द्या. भातात जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट पुरतं. ते स्फुरदाच्या खतात मिसळू नका. आणि चुना तांबड्या, आंबट मातीसाठी. काळ्या रानात तो आधीच जास्त आहे.

परसबागेत चिकण मोकळी व्हावी म्हणून वाळू मिसळणारे बरेच. थोड्या वाळूनं माती विटेसारखी आवळते. शेणखत, पालापाचोळा घाला, दरवर्षी घाला.

घराचा पाया

आता शिवारात प्लॉट पडताहेत, म्हणून हेही सांगणं भाग आहे. काळी माती पावसात पाया उचलते आणि उन्हाळ्यात सोडते; खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, दरवर्षी बुजवली तरी पुन्हा दिसणारी भेग बहुधा त्याचीच. ओलीचा हा चढउतार साधारण तीन-साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. मुरूम जवळ लागत असेल तर पाया तिथवर न्या. खोल असेल तर खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घाला. खोदलेलीच काळी माती जोत्यात परत भरू नका, मुरूम भरा. घराभोवती पाणी बाहेर ढकलणारा उतरता कोबा करा, आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका.

विटांसाठी नुसती काळी माती घेण्याची चूकही काहीजण करतात. वाळताना वीट तडकते, आणि आत चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यानंतर ओल लागून तिथला टवका उडतो. खानापूरकडच्या मातीला वीट-कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी मागणी आहे, कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी संस्थाही तिथेच आहे. आपल्या काळ्या मातीत भात आणि मसूरच घ्यावी.