वस्तीची जोखीम घरागणिक कशी तपासावी

जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा, म्हणजे सुमारे पाचशे पट अधिक ऊर्जेचा भूकंप होऊनही मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. राजधानीपासून भूकंपाच्या केंद्राचे अंतर हे त्याचे एक कारण असले, तरी चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम अनेक दशके पाळले जात होते, ही बाब निर्णायक ठरली. म्हणूनच वस्तीसाठी आपत्तीला तोंड देण्याचा आराखडा करताना धोका किती मोठा आहे एवढेच पाहून थांबू नये. त्याच्या वाटेत कोण व काय येते आणि त्यातले कोण किती तग धरील, हेही तपासावे.

आधी मागच्या घटनांची नोंद काढावी. पुराचे पाणी कुठवर आले होते हे एकालाच न विचारता तीन-चार शेजाऱ्यांना वेगवेगळे विचारावे आणि प्रत्येकाने दाखवलेल्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण करावी. खुणांत हातभर फरक पडला, तर भिंतीवरचे ओलीचे जुने डाग पाहून निवाडा करावा.

त्यानंतर वस्तीत पायी फिरावे, आणि तेही दोनदा, दिवसा व रात्री, कारण दुपारी गजबजलेली शाळा रात्री रिकामी असते आणि दुपारी ओस पडलेल्या खोल्यांत रात्री दहा-दहा माणसे झोपलेली असतात. निवाऱ्यासाठी नेमलेली इमारत स्वतः उंचावर असली, तरी तिथे जाणारा रस्ता सखल भागातून जात नाही ना, हे स्वतः चालूनच पाहावे. नकाशावर ही चूक सहसा दिसत नाही.

सर्वाधिक वेळ माणसांच्या यादीला द्यावा. अंथरुणाला खिळलेले, विजेवर चालणाऱ्या उपकरणाचा आधार असलेले, ऐकू न येणारे, एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि वस्तीची भाषा न समजणारे भाडेकरू यांच्या नावापुढे त्यांना कोण उचलून किंवा बरोबर घेऊन नेईल, हेही लिहावे. ही माहिती खासगी असल्याने ती संमतीनेच घ्यावी आणि मोजक्या माणसांच्याच हाती ठेवावी. जनावरे सोडून निघायला तयार नसणारी कुटुंबेही नोंदवावीत. त्यांना हट्टी ठरवण्यापेक्षा जनावरांची सोय करणे अधिक उपयोगी ठरते. याच फेरीत नाव चालवणारे, परिचारिका, गवंडी आणि जनित्र असलेली घरेही टिपून घ्यावीत.

कोणता धोका आधी हाताळायचा याचा क्रम लावण्यासाठी शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत सोयीची असली, तरी ती फसवी आहे: दरवर्षी तुंबणारे गटार आणि पन्नास वर्षांत एकदाच फुटू शकणारा बांध या दोन्हींचा गुणाकार पाचच येतो. त्यामुळे परिणामाला पाच गुण मिळालेली प्रत्येक बाब, तिची शक्यता कितीही कमी असो, स्वतंत्र कागदावर घेऊन तिची चर्चा करावी. ही चर्चा वस्तीच्या बैठकीतच व्हावी आणि स्त्रियांची बैठक वेगळीही घ्यावी, कारण रात्री निवाऱ्यात जायला त्या का कचरतात हे सगळ्यांसमोर सहसा बोलले जात नाही.

भाडेकरू बदलले, नवी भिंत उभी राहिली किंवा नाला वळवला गेला, की त्या घरापुरती नोंद लगेच दुरुस्त करावी. पूर्ण फेरी मात्र दरवर्षी, धोक्याचा हंगाम सुरू होण्याच्या दोन महिने आधी करावी, म्हणजे सापडलेल्या त्रुटी दूर करायला अवधी मिळतो.