गाळा भाड्याने घेताय? आधी वकील गाठा

माझं नाशिकला कॉलेज रोडवर चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे नवा गाळा घेणारे करार दाखवायला येतात. बहुतेकांचा मसुदा मालकाच्या एजंटने दिलेला असतो. त्यावर सही करण्याआधी तो आपल्या वकिलाकडे न्या. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आसपास वकील भरपूर आहेत, पण फौजदारीवाला नको, मिळकतीची कामं करणारा बघा. फी आधीच ठरवा: नुसतं वाचून सांगणार, की नोंदणीपर्यंत सोबत राहणार?

जाताना गाळ्याची सूची दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), घरपट्टीची पावती आणि भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीची) प्रत न्या. मालक कागद द्यायला कां-कूं करत असेल, तर तेही वकिलाला सांगा.

पहिला प्रश्न विचारा, हा भाडेपट्टा आहे की लिव्ह अँड लायसन्स? भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, लायसन्सने फक्त वापराची परवानगी मिळते. मुद्रांक शुल्कही वेगळं. नोंदणी मात्र दोन्हीकडे हवीच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची.

खरी मेख लॉक-इनमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडता न येण्याच्या अटीत असते. ‘लॉक-इन ३६ महिने’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते फक्त तुम्हाला बांधतं की मालकालाही, हे स्पष्ट लिहून घ्या. मी तर फर्निचर, एसी, बोर्ड कोणाचे, याची यादीच करारामागे जोडायला लावतो. डिपॉझिट किती दिवसांत परत, भाड्यावर जीएसटी वेगळा की धरून, मेंटेनन्स कोण भरणार, हेही त्यातच. तोंडी कबुली धरू नका. मालक कितीही गोड बोलला तरी.