कात्रणांची छोटी कोलाज-कार्डं: पार्श्वभूमी चिकटवताना या चुका टाळा

कार्ड खेळायच्या पत्त्याएवढं: अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. मिलिमीटरमध्ये ६४ बाय ८९. १९९७ साली एम. व्हान्ची स्टिर्नेमान या स्विस कलावंताने झुरिकमध्ये अशी १२०० कार्डं हाताने करून मांडली आणि इतरांनीही कार्डं करून अदलाबदल करावी असं आवाहन केलं. ही कार्डं विकायची नाहीत, द्यायची-घ्यायची, हा रिवाज तेव्हापासूनचा.

माझी बिघडलेली कार्डं मी टाकत नाही, एका डब्यात ठेवते. मधूनमधून ती काढून बघते तेव्हा एकच गोष्ट दिसते. वर चिकटवलेला पक्षी, किटली, फूल यांत दोष क्वचितच असतो. बिघाड झालेला असतो तो त्यांच्या खाली पार्श्वभूमीला लावलेल्या पानात.

चित्र आवडलं म्हणून पार्श्वभूमीला घेतलं

सगळ्यांत जास्त कार्डं इथे वाया जातात. एका दिवाळी अंकात पैठणीची पानभर जाहिरात होती. जांभळा पदर, सोनेरी काठ, नेसलेल्या बाईचा हसरा चेहरा. मी चेहऱ्यासकट तुकडा कापला, चिकटवला आणि त्यावर एक छोटी पितळी समई ठेवली. समई दिसेचना. चेहरा असला की नजर आधी तिकडेच जाते, मग वर काहीही ठेवा.

तेच पान मी नंतर वेगळ्या तऱ्हेने पाहिलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला कार्डाच्या मापाची खिडकी कापली आणि ती पानावरून हळूहळू सरकवत नेली. खांद्याजवळ पदराची एक चुणी सापडली. जांभळ्यावर जांभळी सावली आणि कोपऱ्यातून तिरकी गेलेली जरीची एकच रेघ. बाई नाही, दागिने नाहीत, दुकानाचं नाव नाही. त्या तुकड्यावर समई लख्ख उठून दिसली.

ही खिडकी आधी करून घ्या, बाकी सामान नंतर. तिच्यातून बघताना पान उलटं धरा, म्हणजे चित्र कशाचं आहे हे डोळा विसरतो आणि रंग, पोत तेवढा दिसतो. आभाळ, पाणी, भिंत, केस, कापडाच्या घड्या, पदार्थाच्या फोटोतला मागचा धूसर भाग, यांवर बहुतेक काहीही शोभतं. मोठ्या अक्षरांचा मथळा मात्र टाळा. माणूस तो वाचायला लागतो. बारीक मजकुराचा तुकडा आडवा किंवा उलटा लावला तर चालतो.

कार्ड आधीच भरून बसलं असेल तर पार्श्वभूमीवर पांढरा ॲक्रिलिक रंग अगदी पातळ करून, कोरड्या ब्रशने एक हात फिरवा. रंग मागे सरकतात आणि वरची वस्तू पुढे येते.

सुरकुत्या आणि फुगे

कागदाचे तंतू पाणी पितात आणि फुगतात, तेही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. मासिकाचं पान पातळ, त्यामुळे पातळ केलेला पांढरा गोंद लागला की ते ताणतं आणि वाळताना जागोजागी उभं राहतं. पाण्याने पान पारदर्शकही होतं, मग पाठीमागचा मजकूर पुढे उमटतो. एका निळ्याशार आभाळात मला असा मागच्या पानावरचा आकड्यांचा तक्ता दिसला होता.

पार्श्वभूमीसाठी ग्लू स्टिकच बरी. पांढरा गोंदच वापरायचा असेल तर त्यात पाणी घालू नका. पुठ्ठ्यावर थोडासा घेऊन जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने इतका पसरा की नुसती ओल दिसावी. पान ठेवल्यावर मधून कडांकडे दाबत जा. मागचं छापील दिसेल अशी शंका आली तर तुकडा उजेडासमोर धरा. दिसलंच तर पाठीला आधी पांढरा रंग द्या.

वाळलेला फुगा टाचणीने टोचून, इस्त्रीने बटर पेपरवरून हलकं दाबलं तर कधीकधी बसतो. नाही बसला तर त्यावरच दुसरा तुकडा चिकटवा. ओलं पान ओढून काढायला जाऊ नका, पापुद्रे निघतात आणि खालचा पुठ्ठाही सोलवटतो.

कार्ड पापडासारखं वळतं

एकाच बाजूला कागद चिकटवला की तो वाळताना आकसतो आणि कार्डाला ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही एक साधा कागद, त्याच गोंदाने, त्याच वेळी लावा. नाव आणि तारीख लिहायला तो लागतोच. मग दोन बटर पेपरांमध्ये ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली. खालचा पुठ्ठा २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असावा. लग्नपत्रिका इथेही कामाला येते.

मापात कापून मग चिकटवणं हीसुद्धा चूकच. पान एखादा मिलिमीटर सरकतं आणि पांढरी कड उघडी पडते. तुकडा मोठा ठेवा, पूर्ण वाळल्यावर कार्ड पालथं घालून पुठ्ठ्याच्या कडेने कटर फिरवा. ओला कागद कापला जात नाही, फाटतो.

पेन टिकत नाही

गुळगुळीत पानांवर पांढऱ्या मातीचा किंवा चुनखडीच्या भुकटीचा लेप असतो, त्यात साध्या पेनाची शाई नीट मुरत नाही आणि बोट लागलं की पसरते. जिथे लिहायचं तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर दोनदा हलका घासा, किंवा शाई वाळल्यावर न पसरणारा मार्कर वापरा. जास्त घासलं तर रंगच निघून येतो.

वर्तमानपत्राचं पान पार्श्वभूमीला छान दिसतं, पण त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक बराच असतो आणि त्यामुळे उजेडात पान पिवळं पडतं. दुसऱ्याला द्यायच्या कार्डावर मी ते लावत नाही.

पावसाळ्यात कार्डं एकमेकांना चिकटतात

वरून ॲक्रिलिक वार्निश किंवा पांढऱ्या गोंदाचा हात दिला की बोटाला ते तासाभरात कोरडं लागतं, पण आतून ओलं असतं. जुलैच्या दमट हवेत तर फारच वेळ. मी एकदा नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटात दुसऱ्याच दिवशी कार्डं भरली. आठवड्याने काढायला गेले तर तीन कार्डांवरचं आभाळ प्लास्टिकलाच राहिलं. आता पावसाळ्यात मी निदान आठवडाभर कार्डं दोरीवर चिमट्याने टांगते आणि भरताना प्रत्येकावर बटर पेपरचा तुकडा ठेवते. त्या तीन कार्डांपैकी एकावर आभाळ उडालेल्या जागी खरबरीत राखाडी डाग राहिला होता. त्यावर मी कात्रणातली एक विटांची भिंत लावली. खालचा खरबरीतपणा वर उठून आला आणि ती भिंत बोटाला भिंतीसारखीच लागते.