दुपारची मालिका, रात्रीचा प्रयोग

मालिकेत काम कसं मिळतं, हे विचारणारे रोज भेटतात. मिळालेलं काम आणि नाटक एकाच वेळी कसं निभावायचं, हे सहसा कुणी विचारत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत विचारायची सवडच उरलेली नसते. म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, त्यामुळे आमच्याकडे तोंडाला रंग लावला म्हणून कुणी हुरळून जात नाही. राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं कामं केली आणि मग मुंबई गाठली. त्याला आता अकरा वर्षं झाली. दोन व्यावसायिक नाटकं, चार मालिका, त्यातल्या दोन दुपारच्या. नायिका एकदाही नाही. जाऊ, नणंद, शेजारीण, पुन्हा जाऊ.

दुपारची मालिका म्हटलं की लोक जरा नाक मुरडतात. मुरडू देत. 'शांती' १९९४ साली दूरदर्शनवर दुपारीच लागायची, सह्याद्रीवरची 'दामिनी'ही दुपारचीच, आणि प्रतीक्षा लोणकर आजही कितीतरी घरांत दामिनीच आहेत. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे बजेट. पर डे, म्हणजे दिवसाचं मानधन, कमी, सेट मोजके, बहुतेक सगळं दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांतच उरकायचं. लहान भूमिका असेल तर साड्याही घरून आणायला सांगतात. दुसरा फरक मला माझ्या पहिल्या दुपारच्या मालिकेत दिग्दर्शकाने समजावला. मी एक रडण्याचा सीन फार मन लावून, नुसत्या डोळ्यांनी केला होता. तो मॉनिटरमागून म्हणाला, "ताई, छान झालं. पण ती या वेळी भाजी निवडतेय. तिला ऐकू काय आलं?"

रात्री घर टीव्हीसमोर बसतं, दुपारी बाई टीव्ही ऐकते. तेव्हापासून मी सीन हातात आला की आधी डोळे मिटून म्हणून बघते. नाटकवाल्यांना इथे फायदा होतो, आवाज आपल्याकडे असतो. फक्त तो शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा नाही, छातीला माइक लावलेला असतो. पहिल्या आठवड्यात साउंडवाल्याने माझ्यामुळे तीनदा हेडफोन काढून कान चोळले.

आता मुद्द्याचं. या दोन कामांत सगळ्यात जास्त ओढाताण होते ती स्मरणशक्तीची. मालिकेचा सीन सकाळी मेकअपच्या खुर्चीत हाती येतो, कधी तर लायटिंग चालू असताना. बारा तासांच्या शिफ्टमध्ये सहा-सात सीन उरकतात. आधी मास्टर म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग क्लोज म्हणजे जवळून चेहरा, मग समोरच्याच्या क्लोजमध्ये आपली पाठ किंवा खांदा दिसतो ते सजेशन, आणि 'ओके' झालं की तो सीन डोक्यातून पुसून टाकायचा, नाहीतर पुढचा आत शिरत नाही. विसरणं हेही तिथे कौशल्यच आहे. संध्याकाळी त्याच डोक्याला सांगायचं की दोन अंक जसेच्या तसे हवेत, समोरच्याच्या कुठल्या शब्दावर आपण बोलायचं त्या क्यूसकट.

माझं व्हायचं ते झालंच. ठाण्याला गडकरी रंगायतनला प्रयोग होता, नाटकाचा साधारण चाळिसावा. दिवसभर शूट करून आले होते. दुसऱ्या अंकात एका वाक्यात जीभ अडखळली आणि मी थांबले. नुसती थांबले नाही, वाक्याच्या सुरुवातीला परत गेले आणि शांतपणे उभी राहिले. मी 'कट'ची वाट बघत होते! किती वेळ, सांगता येणार नाही. मला वाटलं पाच मिनिटं, विंगेतला मुलगा म्हणाला चार सेकंद. समोरच्या ज्येष्ठ नटाने हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बोल, बोल, घाबरू नकोस, मी काही रागावत नाही." संहितेत असलं काही नव्हतं. प्रेक्षकांना वाटलं सून सासऱ्याला घाबरलीय, टाळी पडली. मेकअप रूममध्ये ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून येताना गाडीत पहिला अंक म्हण." तेव्हापासून म्हणते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिला अंक कापूरबावडीच्या आधीच संपतो, कधी कधी दुसराही.

तारखांचं गणित समजून घ्या, भांडणं तिथेच होतात. नाट्यगृहांच्या तारखा तीन-तीन महिन्यांच्या वाटपात ठरतात; मालिकेचा उद्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, आज रात्री नऊला कळतो. त्यामुळे मालिकेचा करार करतानाच प्रयोगांचे दिवस लेखी द्या आणि 'साडेपाचला सोडणार' हे वाक्य मेलवर घ्या. तोंडी 'हो हो, ॲडजस्ट करू' याला काडीची किंमत नाही. मी एकदा तोंडी शब्दावर विसंबले. ऐन वेळी एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपलेली, रात्रीच टेलिकास्टला द्यायचा भाग, मला सोडेनात. आठ वाजता निघाले, प्रयोग साडेआठचा. तिसरी घंटा पंचवीस मिनिटं उशिरा झाली. व्यवस्थापक काही बोलला नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेड्यूल लावणाऱ्या मुलाशी मात्र दोस्ती ठेवा. तो बिचारा चौघा कलाकारांच्या तारखा एका कागदावर बसवत असतो; तुमचे सीन सकाळी घेणं त्याच्याच हातात असतं.

पैशांचं थोडक्यात. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोग संपला की पाकिटात मिळते, रक्कम लहान पण त्याच रात्री हातात. मालिकेचे पैसे मोठे, पण साधारण नव्वद दिवसांनी येतात, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलंत तर दिवाळीच्या सुमारास श्रीमंत व्हाल. तोवरचं घरभाडं जवळ हवं. रिटर्न दरवर्षी भरा, कापलेले पैसे बरेचदा परत मिळतात. मी पहिली दोन वर्षं आळसाने ते सोडून दिले. करारात महिन्याला किमान किती दिवस काम देणार हे लिहिलंय का, ते बघा. नसेल तर ट्रॅक बदलल्यावर, म्हणजे कथा दुसऱ्या पात्रांकडे वळल्यावर, तुम्ही 'माहेरी' जाता आणि महिनाभर फोन वाजत नाही.

आणि ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, 'कलाकार संघटनेचं कार्ड काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून या. यावर जास्त लिहायची गरज नसावी, तरी दर महिन्याला कुणीतरी फसतंच.

शिक्षण घ्यावं का? जमलं तर जरूर. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. मी तिथे नव्हते, आणि आवाजाच्या बाबतीत ते मला अजून जाणवतं. पण कॉलेजात असाल तर आधी एकांकिका करा. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत रात्री दोन वाजता सेट उचलला की नेपथ्यवाल्याशी कसं बोलायचं ते आपोआप कळतं.

माझी दुसरी दुपारची मालिका गेल्या वर्षी बंद झाली. गुरुवारी रेटिंग आलं, संध्याकाळी निरोप आला, पुढच्या शनिवारी शेवटचं शूट. शेवटचा सीन लग्नाचाही नव्हता, मी डायनिंग टेबलवर वाटाणे सोलत होते. पॅकअप झाल्यावर कॉस्च्युमच्या मुलीने मंगळसूत्र मोजून पिशवीत टाकलं, वहीत माझी सही घेतली. एकाने उरलेले वाटाणे घरी नेले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला, सावित्रीबाई फुले नाट्यगृहात चारचा प्रयोग होता. मध्यंतरात दोन बायका आत आल्या. एकीने मला निरखून बघितलं आणि दुसरीला म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? आवाजावरूनच ओळखलं."