क्लीन पावडर शोधताय? पिस्तुलाची काडतुसं भरताना या चुका टाळा

रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस घरी पुन्हा भरणं, नवीन सुरू केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात क्लीन जळणारी पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, कुठली? कॅलिबर सांगायचं नाही, बुलेट (नळीतून उडणारा पुढचा भाग) कुठली ते सांगायचं नाही, लोड, म्हणजे भरणा, हलका की जोरकस ते तर त्यालाच माहीत नसतं, फक्त डब्यावरचं नाव हवं असतं. मी हल्ली उलटं विचारतो, की घाण म्हणजे नक्की काय दिसतंय? केस बाहेरून काळी पडतेय, नळीत न जळलेले कण राहतायत, की धूर होतोय? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर पावडर बदलणं हा उपाय नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोड एकदम मिळमिळीत ठेवायचा आणि वर पावडरला शिव्या घालायच्या. स्मोकलेस पावडर नीट जळायला प्रेशर लागतं. प्रेशर कमी पडलं की ती अर्धवट जळते, आणि पितळेची केस फुगून चेंबरला (काडतूस बसतं ती जागा) घट्ट चिकटायला हवी तीही चिकटत नाही, मग गॅस केसच्या बाहेरून मागे येतो आणि काजळी धरते. म्हणून एकच पावडर ९ एमएमच्या काडतुसात चकाचक वाटते आणि .४५ एसीपीच्या हलक्या लोडमध्ये चुलीसारखी वाटते. पहिल्याची प्रेशरची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दाबाचं एकक) आणि दुसऱ्याची २१,०००, फरक पडणारच ना.

हे मी शहाणपणाने नाही, पैसे घालवून शिकलो. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी मऊ लोड करत होतो, पावडर युनिक नावाची. केसेस एका बाजूने काळ्याकुट्ट, बोटं कोळशाच्या दुकानातून आल्यासारखी. युनिक घाण जळते हे सगळेच म्हणतात म्हणून मीही म्हणालो आणि दुसरी पावडर आणली, मग तिसरी, काजळी थोडी कमी झाली पण गेली नाही. शेवटी एका जुन्या नेमबाज काकांनी माझं भरलेलं काडतूस हातात घेतलं, अंगठ्याने बुलेट दाबली, आणि ती सरळ आत गेली! काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी केसचं तोंड एक्सपांडरने (तोंड रुंदावायचं अवजार) गरजेपेक्षा जास्त उघडत होतो आणि क्रिंप, म्हणजे ते तोंड बुलेटवर परत आवळणं, तर नावालाच होता, म्हणजे प्रेशर तयार व्हायच्या आधीच बुलेट निघून जात होती. तोंड जेमतेम उघडायला लागलो, क्रिंप नीट बसवला, मॅन्युअलमधल्या (कुठल्या बुलेटला किती पावडर याचा डेटा देणारं पुस्तक) रेंजमध्येच थोडं थोडं वर गेलो, आणि तीच बदनाम युनिक बऱ्यापैकी स्वच्छ जळायला लागली. उरलेले दोन डबे बरेच दिवस कपाटातून माझ्याकडे बघत होते.

आणि ऑटोलोडरमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप आत घेणाऱ्या पिस्तुलात, ही ढिली बुलेट नुसती काजळीपुरती राहत नाही, फीड होताना आदळून आत सरकते, केसमधली जागा कमी होते आणि प्रेशर भलतंच वाढतं. त्यामुळे भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर दाबून बघायची सवय लावून घ्या, बुलेट हलली तर तो लॉट तिथेच थांबवा. वर जा म्हणजे मॅन्युअलमधल्या कमाल चार्जच्या पुढे जा असं मी म्हटलेलं नाही, हे वेगळं सांगावं लागतं कारण घाईवाले अर्धंच वाक्य वाचतात.

दुसरी चूक माझी खास नावडती आहे. क्लीन म्हणून नवशिक्याला सरसकट टाइटग्रुप नावाची पावडर सुचवतात. जळते स्वच्छ, वादच नाही, थोड्यात काम होतं म्हणून स्वस्तही पडते. पण ती केसमध्ये इतकी कमी जागा घेते की डबल चार्ज, म्हणजे एकाच केसमध्ये दोनदा पावडर, पडला तरी ९ एमएमच्या केसमधून सांडत नाही, .३८ मध्ये तर दिसणारही नाही. एकदा पन्नास केसेसचा ब्लॉक (केसेस उभ्या ठेवायची भोकांची फळी) भरताना फोन वाजला, बोलून परत आलो आणि पुढे चालू केलं. सगळ्या बुलेट बसवून झाल्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात किडा वळवळला, की मी परत सुरू केलं ते नक्की कुठल्या केसपासून? झोप लागेना. उठून हातोड्यासारखा बुलेट पुलर घेतला आणि पन्नासच्या पन्नास काडतुसं ठोकून उघडली, प्रत्येकाची पावडर वेगळी स्केलवर टाकली. चौतिसाव्यात वजन बरोबर दुप्पट आलं. तो आकडा बघून हात गार पडले, कारण दुसऱ्या दिवशी ते माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर उडणार होतं.

तेव्हापासून माझ्या ब्लॉकमध्ये केसेस उपड्या असतात, पावडर टाकायच्या क्षणीच एक केस सुलटी होते आणि लगेच तिच्यावर बुलेट बसते, मधे टॉर्च मारून आत बघितल्याशिवाय नाही. फोन दुसऱ्या खोलीत. मधेच उठावं लागलं तर अर्धवट केस परत डब्यात रिकामी. आणि पहिल्या वर्षी तरी अशी फुगीर पावडर घ्या जिचा डबल चार्ज केसमधून बाहेर सांडेल, मग ती थोडी काळी जळली तरी चालेल. काजळी चिंधीने पुसता येते.

नावांची गफलत: क्लेज, इंटरनॅशनल क्लेज आणि युनिव्हर्सल क्लेज या तीन वेगळ्या पावडरी आहेत, जळायचा वेग वेगळा, एकीचा डेटा दुसरीला लावला की संपलं. विंचेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ एकच आहे हे खरं, पण म्हणून दिसायला सारखी म्हणजे सारखी असा नियम काढू नका. टेबलावर एका वेळी एकच डबा.

धुराचा दोष बऱ्याचदा पावडरचा नसतोच, लेड बुलेटवरचं मेणासारखं ल्यूब जळतं तो धूर असतो. पावडर बदलण्याआधी एकदा कोटेड किंवा जॅकेटेड (वरून थर दिलेली किंवा धातूचं आवरण असलेली) बुलेट मारून बघा, अर्थात त्या बुलेटचा डेटा वेगळा काढून.

एच ११० किंवा विंचेस्टर २९६ हलकी भरून मऊ लोड करायचा विचारसुद्धा नको. या पावडरी कमी चार्जवर दगा देतात, बुलेट नळीत अडकते. आवाज फुसका आला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं, नळीतून उजेड आरपार दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

व्हिटावुओरीची एन ३२० मला आवडते, सिंगल बेस (नायट्रोग्लिसरीन नसलेली) आहे, क्लीन जळते, पावडर मोजून टाकायच्या यंत्रातून छान पडते. महाग आहे. ज्याला काजळीचा एवढाच राग आहे त्याने पैसे मोजावेत आणि तक्रार करू नये.

हॉपरमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या वरच्या टाकीत, पावडर रात्रभर ठेवू नका, डबल बेस (नायट्रोग्लिसरीन असलेली) पावडर प्लास्टिक खाते, आणि सकाळी ती कुठली होती हे आठवणार नाही ते वेगळंच. डबा उघडल्यावर आंबूस, नाकात झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर गेली, वापरायची नाही.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी अजून एक. न जळलेले कण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली (रॉड दाबल्यावर केसेस बाहेर ढकलणारा चांदणीच्या आकाराचा भाग) जाऊन बसतात आणि सिलिंडर जड फिरायला लागतो, बंद होताना कटकट करतो. लोक बंदूक दुरुस्तीला नेतात. केसेस काढताना नळी आकाशाकडे धरा आणि रॉडवर एकच जोरात थाप मारा, कण केसेसबरोबर खाली पडतात. तरी अडकलं तर जुना टूथब्रश.