गंजकट ब्रेक कॅलिपर न काढता रंगवा

अलॉय व्हीलच्या फटींतून गंजलेला, मळकट कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) दिसला की चकचकीत गाडीचीही शोभा जाते. तो सुटा न करता, चाक काढून जागेवरच रंगवता येतो.

१. गाडी सपाट जागी जॅक-स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. चाक काढा.

२. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, मग ब्रेक क्लीनरने पुसा. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. तेलकटपणा राहिला तर रंगाचे पापुद्रे निघतात.

३. डिस्क, पॅड, रबरी बूट (धूळ रोखणारी रबरी आवरणं), सरकत्या पिना आणि ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचं तोंड) मास्किंग टेपने झाका.

४. उष्णतारोधक कॅलिपर पेंटचे २-३ पातळ हात ब्रशने द्या. स्प्रेपेक्षा ब्रश बरा, रंग उडत नाही. साधा ऑइलपेंट उष्णतेने करपतो.

५. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, मगच चाक बसवा आणि नट समोरासमोरचे आवळा.

रंग मला काळा किंवा गडद राखाडी आवडतो. लाल रंगावर ब्रेकची काळी धूळ लगेच दिसते.

जपा: डिस्कवर किंवा पॅडवर रंगाचा थेंबही नको, ब्रेकची पकड कमी होते. डिस्कवर पडलाच तर ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसल्याशिवाय गाडी हलवू नका.