अनेक ओळींचा, ब्रॅकेट केलेला पॅनोरमा जोडताना या चुका टाळा

एका ओळीचा आणि एकाच एक्सपोजरचा पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेले रुंद चित्र, आजची सॉफ्टवेअर बहुधा विनातक्रार जोडून देतात. मात्र तीन ओळी, प्रत्येक ओळीत १२ जागा आणि प्रत्येक जागी ३ एक्सपोजर (कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो, म्हणजेच ब्रॅकेटिंग) असे १०८ फोटो एकदम समोर आले, की तीच सॉफ्टवेअर गोंधळतात. या फोटोंमध्ये दोन प्रकारची नाती असतात: एका जागेवरच्या तिन्ही फोटोंची चौकट एकच असून फक्त उजेड वेगळा असतो, तर शेजारच्या जागांच्या चौकटी वेगळ्या असून त्यांचा काही भागच सामाईक असतो. पॅनोरमात दिसणारे बहुतेक दोष ही दोन नाती एकमेकांत मिसळल्यामुळे उद्भवतात.

फोटो काढतानाच्या चुका

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) ब्रॅकेटिंग केल्यास कॅमेरा प्रत्येक जागी उजेड नव्याने मोजतो. त्यामुळे खिडकीकडच्या जागेचा 'मधला' फोटो आणि कोपऱ्यातल्या जागेचा 'मधला' फोटो यांची शटर स्पीड वेगळी येते. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवावेत आणि एक्सपोजर फक्त शटर स्पीडने बदलावे. ऑटो आयएसओ बंद करायचे राहून जाणे ही फार नेहमीची चूक आहे. अ‍ॅपर्चर बदलल्यास फोकसची खोली आणि कडांचा काळोखही बदलतो, आणि मग एकाच जागेचे तीन फोटोही एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसरी चूक पॅरॅलॅक्सची. कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलऐवजी (समोरून लेन्समध्ये दिसणारे अ‍ॅपर्चरचे छिद्र), म्हणजे ज्याला सर्रास नोडल पॉइंट म्हणतात त्या बिंदूऐवजी, ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरला, तर जवळच्या वस्तू मागच्या वस्तूंच्या तुलनेत सरकतात. एका ओळीत कॅमेरा फक्त आडवा फिरतो, त्यामुळे ही चूक कधीकधी खपून जाते. अनेक ओळींत तो वरखालीही फिरत असल्याने समायोजन दोन्ही दिशांनी करावे लागते.

ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंतील सामाईक भाग, आडवा आणि उभा असा दोन्ही बाजूंनी २५ ते ३० टक्के ठेवावा. वरच्या ओळीत फोटो कमी लागतात: क्षितिजावर १२ लागत असतील, तर ६० अंश वर ६ पुरतात.

आधी एकत्र करावे की आधी जोडावे?

सर्वांत जास्त पॅनोरमा येथे बिघडतात. अनेक जण प्रत्येक जागेचे तीन फोटो आधी एकत्र करतात, त्यावर टोन मॅपिंग करतात आणि तयार झालेले ३६ फोटो जोडायला घेतात. टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला पडद्यावर दिसेल असा दाबणे) किंवा एक्सपोजर फ्यूजन (तिन्ही फोटोंचे चांगले उजळलेले भाग मिसळणे) हे त्या त्या चौकटीतील उजेड पाहून ठरत असल्यामुळे एकच भिंत एका फोटोत उजळ आणि शेजारच्या फोटोत राखाडी येते, आणि हा फरक जोडणीच्या वेळी पूर्णपणे पुसता येत नाही. आधीच एकत्र करायचे असेल, तर टोन मॅपिंग न करता ३२ बिटचे एचडीआर (तिन्ही फोटोंचा पूर्ण उजेड साठवणारी फाईल) बनवावे आणि टोन मॅपिंग पूर्ण पॅनोरमावर एकदाच करावे.

याच्या उलट चूक म्हणजे तीन एक्सपोजरचे तीन स्वतंत्र पॅनोरमा जोडणे. प्रत्येक वेळी कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंत सारखे दिसणारे, जोडणीसाठी जुळवलेले बिंदू) वेगळे सापडतात, जागांचे गणित थोडे वेगळे येते आणि तिन्ही थर काही पिक्सेलने सरकतात. ते एकावर एक ठेवले की तारा आणि फांद्या दुहेरी दिसतात.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग हा, की सर्व १०८ फोटो एकाच प्रकल्पात घ्यावेत आणि एका जागेच्या फोटोंचा एक स्टॅक, म्हणजे गट, करावा. ह्युजिन आणि पीटीगुई या पॅनोरमा जोडणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. ट्रायपॉड हलला नसेल तर स्टॅकमधील फोटोंची स्थिती एकमेकांशी बांधून ठेवावी. मग सॉफ्टवेअरला १०८ नव्हे, ३६ जागाच शोधाव्या लागतात. फोटो हातात धरून काढले असतील तर ही बांधणी सोडावी आणि स्टॅकच्या आतही कंट्रोल पॉइंट घ्यावेत.

जोडणी चुकत असेल तर

मोकळ्या आकाशाची जागा भलतीकडे गेली, तर तेथे पॉइंटच नाहीत किंवा ते ढगांवर आहेत असे समजावे. ढग, पाने आणि पाणी यांवरचे पॉइंट काढून टाकावेत. स्टॅक बांधलेला असेल तर तीनपैकी ज्या फोटोत छताची किंवा इमारतीची कड स्पष्ट दिसते, त्यावरचे पॉइंट पुरतात. काहीच नसेल, तर ट्रायपॉड हेडवरील अंश पाहून ती जागा हाताने द्यावी आणि ऑप्टिमायझेशनमधून (पॉइंट जुळावेत म्हणून सॉफ्टवेअर करते त्या गणितातून) वगळावी.

ऑप्टिमायझेशनही टप्प्याटप्प्याने करावे: आधी फक्त स्थिती, मग दृश्यकोन, त्यानंतर लेन्सची वक्रता. सगळे एकदम सुरू केल्यास चुकीचा पॉइंट लेन्सचेच गणित बिघडवतो. जुळवलेल्या पॉइंटमध्ये उरलेले सरासरी अंतर कमी दिसावे म्हणून जास्त अंतराचे सगळे पॉइंट खोडत जाण्याची सवयही वाईट आहे. दोष पॅरॅलॅक्सचा असेल, तर आकडा सुंदर होतो आणि कठडा तुटलेलाच राहतो.

चालणारा माणूस तीनपैकी एकाच एक्सपोजरमध्ये आला, तर फ्यूजननंतर तो अर्धपारदर्शक दिसतो. त्याला फक्त त्या फोटोतून मास्क केल्यास (तेवढा भाग झाकून वगळल्यास) ती जागा उरलेल्या दोन फोटोंतून भरली जाते आणि तिचा उजेड आजूबाजूशी जुळेलच असे नाही. शेजारच्या जागेत तो भाग मोकळा असेल, तर संपूर्ण स्टॅकमधूनच वगळावे. ह्युजिनमध्ये असा मास्क देता येतो.

अखेरीस फाईल. काम १६ बिट टिफमध्ये करावे, पण साधी टिफ ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपेक्षा मोठी होऊ शकत नाही. रात्रभर चाललेले काम शेवटच्या टप्प्यावर अडकू नये म्हणून आधी लहान आकारात जोडून सांधे तपासावेत आणि मगच पूर्ण आकाराची आज्ञा द्यावी.